उजवा अंगठा चालत नव्हता म्हणून

सन्माननीय अध्यक्ष श्रीनिवासराव, व्यासपीठावरील विश्वस्त मंडळी, सत्कारमूर्ती डॉ. सुहासिनी, नवे विभागप्रमुख डॉ. यज्ञेश्वर, आणि चहा आधी की भाषणे आधी या विवंचनेत बसलेले आपण सर्व,

एरवी मी कागद घेऊन बोलत नाही. आज आणावा लागला, कारण परवा मानपत्राचा मसुदा मला दाखवला गेला. त्यात डॉक्टरबाई 'मातृहृदयी' दोनदा आहेत आणि 'सदा हसतमुख' एकदा. मेंदूचा उल्लेख कुठेही नाही. मी त्यांच्या पक्षाघात कक्षाची मेट्रन होते. या डॉक्टरबाई हसतमुख मी क्वचितच पाहिल्या. त्यांनी केले काय, ते कोणीतरी सांगायला हवे, म्हणून लिहून आणले आहे.

मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद पडली, तर ती विरघळवण्याचे इंजेक्शन पहिल्या काही तासांतच देता येते. पुरुषाचे तोंड वाकडे झाले की घर गोळा होते आणि गृहस्थ थेट स्कॅनच्या टेबलावर पोचतात. बाईला आणणारे आधी तिचा उपवास सांगतात. पित्त झालंय, दगदग झालीय, सुनेशी वाजलंय. आणि आम्ही शिकलेली माणसे? आम्हीही तेच लिहून घेत होतो. जगभर हे असेच चालते म्हणतात, तेव्हा पुण्याला यात वेगळे श्रेय घेता येणार नाही.

खराडीत ऑफिसांच्या इमारती उठू लागल्या होत्या, तेव्हाची गोष्ट. संकष्टीच्या दिवशी तिथल्या मथुराबाईंना त्यांचा मुलगा मच्छिंद्र घेऊन आला. उपास हाय, चक्कर आली, सलाईन लावा, असे त्याने निदानासकट सांगितले. तेव्हा निवासी डॉक्टर असलेल्या यज्ञेश्वरांनी सलाईन लावलेही. शेजारच्या खाटेवरच्या गृहस्थांना हाताला मुंग्या आल्या होत्या. ते स्कॅन करून आले होते.

डॉक्टरबाई आल्या आणि त्यांनी मथुराबाईंना नाव विचारले. ओठ हलले, शब्द फुटेना. मच्छिंद्र म्हणाला, "उपाशी हाय, म्हणून बोलंना."

"तुम्ही उपाशी असलात की गप्प बसता का?" बाईंनी विचारले.

आता प्रश्न वेळेचा. मथुराबाई शेवटच्या धड कधी होत्या हे कळल्याशिवाय इंजेक्शन देता येत नव्हते. मुलगा साइटवर होता, त्याला माहीत नाही. दाराशी सून कुसुम पिशवी धरून उभी होती. तिला कोणी काही विचारलेच नव्हते. सासूबाई तुम्हाला शेवटचे काय बोलल्या, असे बाईंनी विचारल्यावर तिने नवऱ्याकडे पाहिले.

"त्यांच्याकडे नाही, माझ्याकडे बघा."

"म्हनल्या, हे दान्याचं कूट हाय का खडी? नळाचं पानी जात व्हतं तवा."

"स्पष्ट बोलल्या?"

"लई स्पष्ट."

नळ कधी जातो ते आळीभर पाठ होते. वेळ सापडली, आणि हातात होती.

साधा स्कॅन स्वच्छ आला. सुरुवातीला तो तसा येऊ शकतो. यज्ञेश्वर म्हणाले, मॅडम, नॉर्मल आहे, ताण असेल. बाई म्हणाल्या, "शेजारच्यांचाही स्वच्छच होता. त्यांच्या रक्तवाहिन्यांचं चित्र काढलंत ना? मग ताण फक्त यांनाच कसा झाला?"

चित्र काढले. डावीकडची मोठी वाहिनी बंद होती. मच्छिंद्र अडून बसला, वडील आल्याशिवाय इंजेक्शन नको. बाईंनी खुर्ची ओढली आणि मथुराबाईंनाच सगळे समजावले. रक्तस्रावाचा धोकाही लपवला नाही. मथुराबाईंनी मान हलवली आणि डावा अंगठा शाईकडे नेला. त्यावर आमच्या कारकुनाची हरकत: बायकांचा उजवा लागतो.

"उजवा चालत नाही म्हणूनच त्या इथं आल्यात," बाई म्हणाल्या.

डावा अंगठा उठला, इंजेक्शन वेळेत गेले. घरी जाण्यापूर्वी मथुराबाईंनी उजव्या हातात कप धरला आणि चहा गोड केल्याबद्दल कुसुमला सुनावले. कुसुम रडली. सासूच्या बोलण्याने सून आनंदाने रडल्याचे दुसरे उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

तेव्हापासून आमच्याकडे बाई आली की आधी तिला विचारतात, मग तिच्या माणसांना. पुरुषाच्या ज्या तपासण्या, त्याच तिच्या. हे कुठे छापलेले नाही. ते बाईंच्या धाकावर चालले, आणि तो धाक आज निवृत्त होतो आहे. खरे सांगते, मला याचीच काळजी होती.

आज सकाळी येरवड्याहून एका बाईंना आणले. नवरा बोलू लागताच डॉ. यज्ञेश्वर म्हणाले, "थांबा. त्यांना बोलू द्या." सुहासिनीबाई दाराबाहेर उभ्या होत्या. आत गेल्या नाहीत. इतक्या वर्षांत त्या दाराबाहेर थांबल्याचे मी प्रथमच पाहिले, आणि त्यांचा मला इतका अभिमान कधी वाटला नव्हता.

मला वेळ दिलात, आभारी आहे. कोणाला शब्द लागला असेल तर क्षमा असावी. मसुदा करणाऱ्यांना लागला असेल, तर तो मुद्दाम होता.

शेवटी, पाळी बदलताना वॉर्डात करतो तशी नोंद. पक्षाघात कक्षाचा फोन, इतकी वर्षे रात्रीअपरात्री बाईंनीच उचललेला, चालू स्थितीत, चार्जरसह. देणार, डॉ. सुहासिनी. घेणार, डॉ. यज्ञेश्वर. साक्षीला हे सभागृह.