लिंडा मत द्यायला गेली

इलेक्शनचे अंदाज मला विचारू नका यार. मी नागपूरहून अमेरिकेत अर्विंगला नवीन आलो होतो, नव्वदच्या दशकात. मिडटर्मला, म्हणजे प्रेसिडेंट निवडायचा नसतो त्या मधल्या इलेक्शनला, किती लोक मत देतील, यावर ऑफिसात गप्पा रंगल्या होत्या. मी बेधडक बोललो, "शंभरातले ऐंशी!" सगळे हसले. शेजारच्या टेबलावरची लिंडा म्हणाली, "मिडटर्मला कोण जातं? मी तर कधीच गेले नाही."

मला रागच आला. म्हटलं, "माझ्या आईला धड चालवत नाही, पण तिनं एक मत चुकवलेलं नाही. आमच्या लोकांना हा हक्क सहज नाही मिळाला." लिंडा आपल्या कामाकडे वळली. मग मलाच वाटलं, उगाच बोललो.

मतदानाच्या दिवशी लंचनंतर ती तासभर उशिरा आली आणि म्हणाली, "तुझ्या आईला सांग, मी मत देऊन आले."

निकालात माझा अंदाज साफ आपटला. निम्मे लोकही गेले नव्हते. तरी मी खुशीत नागपूरला फोन लावला आणि आईला लिंडाचं सगळं सांगितलं.

आई म्हणाली, "एकच बाई? बाकीच्यांशी काय भांडण होतं का तुझं?"