एकशे बारापैकी एकसष्ट

...आणि वर इथले लोक मलाच म्हणतात, 'सर, तुमी लय भेता बुवा!' मी भितो? मी? अहो, तुम्हाला सांगतो, मी भीत नाही, मी तपासतो! या दोन गोष्टींत फरक आहे. निदान असावा. म्हणजे गेली पन्नास वर्षं तरी मला तसं वाटत आलंय... आता अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी तो फरक मुळात नव्हताच असं निघालं, तर चूक माझीच. चूक माझीच असू शकते, मी नेहमीच म्हणतो. पण तपासायला नको का? सांगा ना, नको का?

झालं काय, मागच्या पोळ्याला आमची गोदावरी, म्हणजे माझी बायको, न्हाणीघरात घसरून पडली. संध्याकाळची वेळ, गल्लीतलं झाडून सारं माणूस बैल बघायला गेलेलं. मी धावलो. धावलो म्हणजे माझ्या वेगानं. तिला उचलायला गेलो आणि तुम्हाला सांगतो, नाही उचलता आलं! संख्याशास्त्राची डॉक्टरेट आहे माझी, अमरावतीत एकतीस वर्षं शिकवलंय, आणि स्वतःची बायको उचलता येत नाही! काखेत हात घालून पाहिलं, कमरेला टॉवेल लावून पाहिलं, 'तीन म्हटलं की उठायचं हं' असं करून पाहिलं... तीन म्हटलं आणि मीच खाली बसलो. मग काय करणार? उशी आणली, तिच्या डोक्याखाली दिली, आणि ओल्या फरशीवर तिच्या शेजारी बसून राहिलो. चाळीस मिनिटं! आणि ही बाई आडवी पडल्या पडल्या मला म्हणते काय, 'अहो, बसलाच आहात तर तेवढा नळ बंद करा, थेंब थेंब गळतोय.'

शेवटी शेजारचा अनुप आला, त्यानं उचललं. हाड मोडलं नव्हतं. पण या वेळी मोडलं नाही म्हणजे पुढच्या वेळी मोडणार नाही असं होत नाही, हे मी एकतीस वर्षं पोरांना शिकवलं आणि त्या दिवसापासून रोज रात्री स्वतःलाच शिकवत बसलो. आमची मुलगी चारुता बंगळुरूहून फोनवर ओरडली, 'बाबा, बस्स! दोघं इकडे या!' गोदावरी म्हणाली, 'चौदाव्या मजल्यावर मी राहणार नाही. तिथं खिडकीत कावळा येत नाही.' आणि मग शांतपणे तीच म्हणाली, 'आपण दोघं एखाद्या वृद्धाश्रमात राहू ना. जिथं माणसं असतील असा बघा.'

बघा म्हणाली. म्हणजे तपासा. आता तपासायला नको का?

मी अर्ज तयार केला. एकशे बारा प्रश्न. प्रत्येकाला एक गुण, पास व्हायला ऐंशी. हसू नका, एकेक प्रश्न विचारपूर्वक काढलेला आहे! सातवा : न्हाणीघरातला धरायचा दांडा माणसाचं वजन पेलतो का? एकोणिसावा : घंटा वाजवल्यापासून माणूस पोचेपर्यंत सेकंद किती? तेहतिसावा : औषधं कोण देतं, दिली हे कोण लिहितं, आणि लिहिलेलं खरं आहे हे कोण बघतं? अठ्ठावन्नावा : आवारात उघडा जाळ आहे का? आणि अर्जाच्या डोक्यावर लाल शाईत एक नियम : तपासणाऱ्यानं तिथलं काहीही खायचं नाही. कारण तुम्हाला ठाऊकच आहे, आपल्या वऱ्हाडात कुणाच्या दारात पाय ठेवला की पोहे आलेच. आणि एकदा पोहे खाल्ले, वर शेव मागून घेतली, की मग त्या माणसाचा गुण कापायला हात उचलत नाही. माझा प्रबंधच मुळी सर्वेक्षणातल्या पक्षपातावर आहे, चारशे नऊ पानं! म्हणून मी घरून डबा न्यायचो. पोळी, कोरडी भाजी आणि निःपक्षपातीपणा.

पहिला बघितला तो आमच्या गावातलाच, अमरावतीचा. काय सांगू तुम्हाला! खरबरीत फरशी, प्रत्येक भिंतीला दांडा, प्रत्येक उशाशी घंटा. मी एका रिकाम्या खाटेवरची घंटा दाबली आणि घड्याळ लावलं. बावन्न सेकंदांत नर्स हजर! आली, बटण दाबून घंटा बंद केली आणि गेली. खाटेवर कोण आहे, कोणी आहे की नाही, हे तिनं बघितलं का, असा प्रश्न माझ्या अर्जात नव्हता. एकशे बारापैकी सत्त्याण्णव! माझ्या हातून इतके गुण कधी कुणाला गेले नाहीत. परतताना रिक्षात गोदावरीला विचारलं, 'कसं वाटलं?' म्हणाली, 'स्वच्छ आहे.' म्हटलं, 'अजून?' म्हणाली, 'स्वच्छ आहे हो.' आणि बाहेर बघत बसली.

झालं होतं माझं काम! पण एका नमुन्यावरून निष्कर्ष कसा काढायचा? गोदावरीचं माहेर अकोल्याचं, म्हणून तुलनेपुरता तिकडचा एक बघायचं ठरवलं. बार्शीटाकळीच्या रस्त्यावर भगवंतराव म्हणून एक शेतकरी गृहस्थ आहेत, त्यांनी शेतातल्या घरात चौदा म्हातारी माणसं ठेवली आहेत. आईच्या नावानं, 'मैनाबाईंचं घर'. पोचलो तेव्हा उन्हं चढली होती, मार्गशीर्ष होता, आणि दारातच भगवंतराव पोह्यांची ताटली घेऊन उभे! मी हात जोडले, पिशवीतून डबा काढून दाखवला. तिथलं सगळं बघणारी शकुनबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, 'अगंबाई! आमच्या घरी येऊन आपला डबा खाता? लोक काय म्हनतीन आमाले?' आणि तिथलेच एक रहिवासी, नत्थुजी, एसटीचे निवृत्त ड्रायव्हर, बाजेवरून म्हणतात कसे, 'खा जी सर, बिनधास्त खा. जहर नाही घालत आमी. येथं सारे ऐंशीच्या वरचे हाये, तेवढ्यासाठी कोन खर्च करते?'

मी दुर्लक्ष केलं. पेन काढलं. मागच्या अंगणात गेलो आणि तुम्हाला सांगतो, पेन हातात तसंच राहिलं! जाळ! उघडा! गोवऱ्यांचा हा एवढा ढीग रचलेला, त्यात रोडगे, म्हणजे कणकेचे जाड गोळे, भाजायला टाकलेले, बाजूला मोठ्या गंजात वांग्याची भाजी रटरटतेय, आणि भोवती सगळ्या सत्तरीपलीकडच्या बाया, पदर वाऱ्यावर! मी ओरडलो, 'पदर! पदर सांभाळा!' सगळ्यांनी वळून बघितलं आणि डोक्यावर पदर घेतला. त्यांना वाटलं, कोणी मोठा माणूस आलाय! आणि त्यांच्या मधोमध, स्टुलावर बसून, लांब काडीनं निखाऱ्यातला रोडगा उलटा करत कोण? आमची गोदावरी! माझ्या आधी दहा मिनिटं आत शिरली काय आणि कामाला लागली काय! तोंड लाल, केसांवर राख, आणि कुणाला तरी सांगतेय, 'आमच्याकडे यात ओवा घालतात.' मी लिहिलं : अठ्ठावन्नावा प्रश्न, शून्य. माझं चुकलं का? मायेनं भाजला म्हणून निखारा कमी भाजतो का?

मग घंटा. शकुनबाईला विचारलं, 'घंटा कुठाय?' म्हणाली, 'ते तं दोन साल झाले बंद हाये. थाळी हाये ना! न्हानीत एक, खाटेपाशी एक. पडलं कोनी का वाजवायची.' म्हटलं, थाळी! एकविसाव्या शतकात थाळी! पण... तपासायला नको का? मी न्हाणीघरात गेलो, घड्याळ लावलं आणि खिळ्याला टांगलेली थाळी चमच्यानं वाजवली.

अकरा सेकंद! अकराव्या सेकंदाला दार उघडलं आणि काय सांगू, शकुनबाई कणकेच्या हातांनी, भगवंतराव एका पायात चप्पल घालून, नत्थुजी अर्ध्या गालावर साबणाचा फेस घेऊन, आणि मागून लीलाबाई नावाच्या ब्याऐंशी वर्षांच्या बाई, वॉकर काखेत मारून धावत! काखेत! अहो, वॉकर टेकायला असतो ना! सगळ्यांचा एकच गलका, 'कोन पडलं? कोन पडलं?' मी म्हटलं, 'कोणी नाही. मी तपासत होतो.' मग नत्थुजी फेसातून म्हणाले, 'सर, मले एक सांगा. आता आमी एवढे जन धावलो. त्यातला एखादा आपटला असता, तं तुमी कोनाचे गुन कापले असते?'

बरोबर होतं त्यांचं. मी ओशाळलो, आणि ओशाळलो की माझा हात आधार शोधतो, आणि शेजारी होता तो सातवा प्रश्न... म्हणजे दांडा. मी धरला, म्हटलं लगे हाथ हेही होऊन जाईल, पूर्ण वजन टाकलं, आणि तो दांडा भिंतीतून निघून माझ्या हातात आला! दांडा हातात आणि मी खाली! सगळ्यांसमोर! फरशीवर पडल्या पडल्या मला पहिला विचार काय आला असेल? की आता मला कोण उचलणार... आणि मग, गोदावरी बघतेय.

होतीच ती दारात. मी म्हटलं, 'उचला मला.' शकुनबाई म्हणाली, 'कोनी हात नाही लावायचा! सर, हालू नका. कुठं दुखून राहिलं का? मान हालवा. पाय हालवा. चक्कर?' आणि चक्क माझ्याशेजारी फरशीवर मांडी घालून बसली. मग एक खुर्ची मागवली. 'आता कुशीवर व्हा. गुडघ्यावर या. हात खुर्चीवर. एक पाय पुढं. मी नाही उचलत तुमाले, तुमीच उठता.' आणि तुम्हाला सांगतो, मी उठलो! मागून कुणीतरी दुसरी खुर्ची सरकवली आणि मी बसलोसुद्धा! कुणीही मला उचललं नाही, आणि मी वर होतो. गोदावरी दाराला टेकून सगळं बघत होती. हळूच म्हणाली, 'एवढंच होतं होय? आपण चाळीस मिनिटं नळाकडे बघत बसलो.'

मी त्या दिवशी रोडगे खाल्ले. चार. नियम मोडला, कबूल करतो. पण त्याआधी गुण मांडून ठेवले होते, हेही लिहून घ्या! परतताना गोदावरीनं विचारलं, 'किती पडले?' म्हटलं, 'एकसष्ट.' म्हणाली, 'म्हणजे?' म्हटलं, 'नापास. ऐंशी लागतात.' मग म्हणाली, 'असं करू. तुम्ही त्या पास झालेल्यात राहा, मी नापासात राहते. रविवारी येत जा भेटायला.'

त्रेपन्न वर्षांचा संसार! त्या रात्री मी तो अर्ज पुन्हा पुढ्यात घेतला, चष्मा पुसला, आणि जन्मात कुणाला न दिलेली गोष्ट दिली. ग्रेस मार्क! एकोणीस! माझा एक विद्यार्थी एका गुणानं राहिला होता, त्याच्या वडिलांनी माझ्या पायरीवर बसून काढली होती अख्खी दुपार, तेव्हा नाही दिला मी! त्याची माफी मागायला हवी खरं म्हणजे...

संक्रांतीनंतर आम्ही इथं, मैनाबाईंच्या घरात आलो. पाच महिने झाले. दांडा नवा लागलाय, चार बोल्टांचा, मी लोंबकळून बघितलाय. जाळापाशी रेतीच्या दोन बादल्या असतात, बायांच्या पदराला पिना असतात, कुलरच्या वायरी मी स्वतः उचलून खिळ्यावर घेतल्या. फाल्गुनात गोदावरी एकदा पडलीही! थाळी वाजली, शकुनबाई आली, खुर्ची आली, आणि गोदावरी आपल्या हातापायांनी उठली. दोन मिनिटं दहा सेकंद. मी घड्याळ लावलं होतं म्हणून तिनं दिवसभर अबोला धरला, तेवढंच. मला झोप लागते हो आता. इतकी गाढ लागते की मला काळजीच वाटते, हे काही दुखण्याचं लक्षण तर नसेल... तपासून आलो. नाही.

फक्त एकच. मागच्या महिन्यात तेल्हाऱ्याहून एक मुलगा नि सून आले, आईसाठी जागा बघायला. माझ्यापाशी बसले. 'काका, खरं सांगा, कसं आहे इथं?' आता खरं विचारल्यावर मी काय सांगणार? सांगितलं, एकशे बारापैकी एकसष्ट, बाकी ग्रेस. अर्जही दाखवला. चहा तसाच ठेवून गेले हो बिचारे! तेव्हापासून फाटकाशी गाडी थांबली की शकुनबाई येते, 'सर, चला, तुमी जरा मागं गोठ्यापाशी बसा. मानसं भेतात तुमाले.' आणि मी जातो.

म्हणून काल अर्जात एकशे तेरावा प्रश्न वाढवला : बाहेरची माणसं बघायला आली, की राहणाऱ्यांना लपवून ठेवतात का? फार गंभीर प्रश्न आहे हा, जिथं लपवतात तिथं आपलं माणूस ठेवूच नये! आणि खाली प्रामाणिकपणे उत्तर लिहिलं : होय. एकालाच. पण तोही आता, गाडीचा आवाज आला की, कुणी सांगायच्या आत आपणहून उठून जातो.