निरंक

— हो, पण सही करण्याआधी मी कागद वाचते. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, शिक्क्यावरची अक्षरंसुद्धा. आमच्या गल्ली समितीच्या अध्यक्षांनी खाली तुम्हाला सांगितलं असेल, 'वर जा, म्हातारी दोन मिनिटांत सही ठोकून देईल' — म्हातारीच म्हणाले ना? राहू द्या, तुमचा चेहरा सांगतोय. त्या खुर्चीवर नका बसू, तिचा एक पाय आखूड आहे. इकडे या, उजेडात. तर तुम्ही विभाग कार्यालयातून आलात, सुरक्षा पाहणीच्या तक्त्यासाठी. मागच्या वर्षी एक गृहस्थ आले होते, उभ्या उभ्या सही घेऊन गेले, पाणीसुद्धा प्यायले नाहीत. त्याच्या आदल्या वर्षीही तेच. दोन्ही वर्षी मी प्रत्येक रकान्यात एकच शब्द लिहिला. घरफोडी — निरंक. मारहाण — निरंक. पाठलाग, धमकी, दारावर येऊन त्रास देणे — निरंक, निरंक, निरंक. गल्लीच्या तोंडाशी तो हिरवा पत्रा पाहिलात का, 'घटनामुक्त गल्ली, सलग दुसरे वर्ष'? त्यातलं 'सलग' माझं. अध्यक्षांना 'लागोपाठ' हवं होतं. मी म्हटलं, लागोपाठ शिंका येतात.

मी जुनी मॅट्रिक, बरं का. त्या काळात मॅट्रिकवर नोकरी मिळायची आणि ती नोकरी करावीही लागायची. एकतीस वर्षं कचेरीत आवक खिडकीवर बसले. अर्ज घ्यायचा, तपासायचा; पुरता असेल तर आत, अपुरा असेल तर परत. रांगेतले लोक मला 'परतबाई' म्हणायचे — मला ठाऊक होतं, खिडकीला काच होती, भिंत नव्हती. राग नाही यायचा. अपुरा अर्ज आत गेला की कुठल्यातरी टेबलावर धूळ खात पडतो, माणूस वर्षभर हेलपाटे घालतो. त्यापेक्षा दारातच परत केलेला बरा. ही एक प्रकारची दयाच आहे, असं मी समजत होते — होते म्हणजे, परवापरवापर्यंत. तुम्ही लिहू नका हे. हे तक्त्यातलं नाही.

तर समिती. चार वर्षांपूर्वी ह्या गल्लीत दोन घरं फुटली आणि सगळ्यांना जिथेतिथे चोर दिसू लागले. कुणी जिन्यात दम खायला थांबला तरी चोर. एकदा विजेचे मीटर तपासायला आलेल्या माणसाला ह्या लोकांनी तळाशी कोंडून ठेवलं, दोन तास, त्याचा सदरा फाडला — आणि ओळखपत्र त्याच्या खिशात होतं, कुणी पाहिलंच नाही. मी खाली जाऊन त्याला पाणी दिलं, तेव्हा त्याचे दात भांड्यावर वाजत होते. त्याच संध्याकाळी मी अध्यक्षांना म्हटलं, हे असं चालायचं नाही, मला सचिव करा आणि नियम लिहू द्या. नियम काय — तक्रार तोंडी चालणार नाही. लेखी अर्ज, तारीख, वेळ, माणसाचं वर्णन, आणि घटना पाहिलेल्या किंवा ऐकलेल्या दोन साक्षीदारांच्या सह्या. चांगला नियम आहे की नाही, तुम्हीच सांगा. आजही मला तो वाईट म्हणता येत नाही, आणि तेच तर — असो. पहिल्या वर्षी एकेचाळीस तक्रारी होत्या. नियम आला आणि पुढच्या वर्षी निरंक. सगळे म्हणाले, गुन्हे थांबले. मलाही तसं वाटलं. वाटलं म्हणजे, वाटून घेतलं. तुमच्या साहेबांना तर तो नियम इतका आवडला की त्यांनी तो छापून सगळ्या गल्ल्यांना वाटला. ह्याच तक्त्याच्या मागच्या बाजूला आहे पाहा, बारीक अक्षरांत, माझंच वाक्य, स्वल्पविरामासकट. साऱ्या विभागातले गुन्हे निम्म्यावर आले म्हणे. वर्तमानपत्रात आलेख आला होता, घसरगुंडीसारखा. अध्यक्षांनी तो कापून जिन्यात लावलाय.

आमच्या तळमजल्यावर एक शिवणकाम करणारी होती. चाळिशीची असेल, एकटी. नवरा गेलेला, मूलबाळ नाही, एक बहीण दुसऱ्या गावी. तिचं यंत्र बरोबर माझ्या ह्या खोलीच्या खाली चालायचं — सकाळी नऊ ते एक, मग जेवण, मग दीड ते सहा. मला त्याचा त्रास होत नसे. खरं सांगायचं तर घड्याळापेक्षा ते बरं होतं. घड्याळ काही कुणी समोर बसून चालवत नाही. बोलायला मात्र फटकळ. माझ्या पोलक्याची बाही मी तीनदा उसवायला लावली तर म्हणाली, 'काकू, बाही सरळच आहे, तुमचा खांदा थोडा सरकारी झालाय.' मी हसले नाही. वर येऊन हसले.

ती गेल्या वर्षाच्या शेवटी माझ्याकडे आली. म्हणाली, 'काकू, समोरच्या विजेच्या पेटीपाशी एक माणूस रोज दुपारी उभा असतो. आठ दिवस नुसता बघत होता, आता येऊन कडी वाजवतो.' मी विचारलं, किती वेळा, किती वाजता, अंगात काय, उंची किती. तिला सगळं नाही सांगता आलं. मी म्हटलं, नीट लिहून आण. तिनं दुसऱ्या दिवशी लिहून आणलं — वेळ होती, वर्णन होतं, साक्षीदार नव्हते. मी परत केलं. तेव्हा ती म्हणाली, 'अहो, मी एकटी राहते. दोन साक्षीदार घरात असते तर भीती कशाला वाटली असती?' मला ते उद्धट वाटलं. वाक्य उद्धट नव्हतं, बिनतोड होतं, आणि मला तेवढा फरक कळायला हवा होता. मी मॅट्रिकला भूमितीच्या सिद्धतांत पैकीच्या पैकी मिळवलेत.

तिसऱ्यांदा आली तेव्हा एक सही होती. वर्तमानपत्र टाकणाऱ्याची. त्यानं त्या माणसाला तिच्या दाराशी पाहिलं होतं. मी म्हटलं, एक कमी आहे. ती इथे, तुम्ही बसला आहात तिथेच उभी होती, हातात टाचण्यांची डबी तशीच, कामातून उठून आलेली. म्हणाली, 'दुसरी तुम्ही करा ना. तुम्ही वरच असता. कडी वाजलेली ऐकू येतच असेल.' आणि मी काय म्हणाले — सचिवाने साक्षीदार होऊ नये, म्हणाले. असा नियम आहे का? नाही. तेव्हाच केला, उभ्या उभ्या. ती अर्ज टेबलावर ठेवून गेली, नेलाच नाही. पुढच्या पत्र्यासाठी वर्ष संपायला अकरा दिवस राहिले होते. त्याचा काही संबंध नव्हता, मी कुणाच्या पत्र्यासाठी — अध्यक्ष मात्र म्हणाले होते, 'अकराच दिवस, झाकली मूठ ठेवा.' मी त्यांना 'बघू' म्हटलं. आणि माझ्या 'बघू'चा अर्थ काय, ते ह्या इमारतीत शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

दोन तारखेला तो घरात शिरला. नव्या वर्षाच्या दोन तारखेला. पत्रा आदल्याच दिवशी लागला होता. तिनं आतून दार धरून ठेवलं असावं, त्यानं ते आपटलं — उजव्या हाताची तीन बोटं चौकटीत चिरडली. मग ढकललं, डोकं यंत्राच्या कडेवर. नेलं काय, तर काही नाही. दोन वाजून चाळीस मिनिटांनी, भर दुपारी, सगळी इमारत जेवून आडवी झालेली. पाच वाजता एक गिऱ्हाईक कपडे न्यायला आलं, तेव्हा ती बेशुद्ध सापडली. जिवंत आहे, हो, जिवंत आहे. मी इस्पितळात गेले. हात एवढा थोरला बांधलेला. मला म्हणते, 'काकू, तुम्ही नका काळजी करू. मी पडले, असंच सांगितलंय सगळ्यांना. साक्षीदार नव्हते ना.' टोमणा असता तर बरं झालं असतं. टोमणा नव्हता. ती मला नियम पाळून दाखवत होती, शहाण्या मुलीसारखी. पोलीस विचारायला आले, त्यांनाही तेच, पडले. बहीण येऊन घेऊन गेली. तिथं ती आता सुईत दोरा ओवायला भाचीला हाक मारते, असं बहिणीनं फोनवर सांगितलं. म्हणजे तुमच्या दप्तरी काय — निरंक. पोलिसांच्या दप्तरी निरंक. वर्षभर कुणी कडी वाजवली नाही, कुणी पाठलाग केला नाही, एक बाई तेवढी घरात पडली.

— काय म्हणालात?

दोन चाळीस. हो, मी म्हणाले तसं.

पाच वाजता सापडली, ती स्वतः तर बेशुद्ध होती, मग दोन चाळीस कुणी पाहिलं — हेच ना? हुशार आहात. अध्यक्षांपुढे मी हे दहादा बोलले असेन, त्यांच्या डोक्यात नाही आलं. शेजारणींच्याही नाही. पाणी घ्या. घ्या ना, तांब्या तुमच्यासाठीच ठेवलाय. मी — थांबा, वही आणते. ही. समितीची नव्हे, माझी स्वतःची. सवय आहे, ऐकलेलं टिपून ठेवायची. वाचा तुम्हीच. नाही, मीच वाचते. 'दुपारी २.४०. तळमजल्यावर दार आपटल्याचा आवाज. पुन्हा एकदा. काहीतरी जड पडले. यंत्र बंद.' एवढंच. खाली रेघ मारलेली आहे, पट्टीनं. मी आधी घड्याळ पाहिलं, मग वही काढली, मग पेनाचं टोपण उघडलं, मग पट्टी शोधली. एकोणीस पायऱ्या आहेत हो. मीटरवाल्यासाठी उतरले होते मी त्या. आणि आवाज फक्त त्या दिवशीचाच नव्हे — मागची पानं उलटा. कडी, २.१५. कडी, २.३०. कडी, दोनदा. सगळ्या कड्या आहेत. ती म्हणाली ना, ऐकू येतच असेल. येत होती. प्रत्येक वेळी.

मग काय केलं, असं विचाराल. बसले. यंत्र पुन्हा सुरू होईल म्हणून ऐकत बसले. म्हटलं, उठेल, आता उठेल, आता टाचणी उचलेल. तीन वाजले. साडेतीन. मी चहा केला. अहो, मी चहा केला त्या दिवशी, साखर मोजून घातली.

द्या तो तक्ता. मारहाण — एक. पाठलाग — एक. दारावर येऊन त्रास देणे — ह्याला आकडा नाही पुरायचा, मी 'सोबतची वही पाहावी' असं लिहिते. का चालणार नाही? तक्रारदाराचा अर्ज आणि दोन साक्षीदार हवेत, नाहीतर साहेब परत करतील? करतीलच, मी त्यांच्या जागी असते तर केला असता. अर्ज आहे, हा पाहा, तिसरा, ती टेबलावर ठेवून गेलेली. तिची सही, शाबूत हाताची. पहिला साक्षीदार, वर्तमानपत्र टाकणारा. दुसऱ्याची जागा रिकामी. आता नाही. तारीख आजची घालते. मागची घातली तर ते खोटं होईल, आणि उशीर दिसू दे, आठ महिन्यांचा आहे तो. ह्यानं तिची बोटं सरळ व्हायची नाहीत, माहीत आहे मला, तेवढं सांगायला तोंड उघडू नका. पण तो माणूस आता आमच्या पेटीपाशी नसतो. दुसरीकडे कुठेतरी असेल, आणि तुमच्या पिशवीत त्या गल्लीचाही तक्ता असेल — निरंक, कुणीतरी माझ्यासारखीनं सुवाच्य लिहिलेला. तेवढा बघा. बघाल का? नाही, 'बघू' म्हणू नका.

सचिवाच्या जागी सही नाही केली मी — सचिवाने साक्षीदार होऊ नये ना — ती जागा रिकामीच राहील. अध्यक्ष जिन्यात उभे असतील. त्यांना सांगा — काही सांगू नका, त्यांना वाचता येतं. उठा आता. नको, माझ्याजवळ बसायची गरज नाही, मला काही झालेलं नाही. वही घेऊन जा. पावती नको. जा म्हटलं ना, बाळ, मला जरा खालचं ऐकायचंय.