जीपचे पाटे आणि माझा भोळा स्वभाव

...आणि वर म्हणतो काय, "तुम्ही म्हणाल तसं, साहेब!" मला सांगा, कुठला मिस्त्री असं म्हणतो? अहो, मिस्त्री म्हटला की त्याने बॉनेट उघडायचं, "च् च् च्, कोणी हात लावला होता हो याला?" म्हणून मागच्या मिस्त्रीचा उद्धार करायचा, मग आपल्याला मूर्खात काढायचं, रीत आहे ती! आणि हा? मी म्हटलं, जीपचे पाटे नवीन टाकू. "तुम्ही म्हणाल तसं." मी म्हटलं, नको, जुनेच ठोकून घेऊ. "तुम्ही म्हणाल तसं." मी म्हटलं, अरे बाबा, दोन्ही कसं होईल? तर हात पुसत म्हणतो, "ते पण तुम्ही म्हणाल तसं!" आता मी संशयी माणूस नाही हां. माझ्यासारखा भोळा माणूस दिवा घेऊन शोधलात तरी सापडणार नाही... पण इतकं पटतं कधी कोणाचं कोणाशी? आमच्या घरात पंखा दोनवर ठेवायचा की तीनवर, यावर लग्न झाल्यापासून एकमत नाही!

तर जीप. जीप अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची. डोंगरातले रस्ते आखायच्या कामावर होते ना ते, अख्खी नोकरी त्या जीपमध्ये काढली, आणि ती मोडीत निघाली तेव्हा स्वतःच विकत घेऊन मागच्या शेडमध्ये आणून ठेवली. गंजत पडली. आणि आई गेली तसे अण्णाही... काय सांगू तुम्हाला, मागच्या खोलीत जे जाऊन बसले ते बसलेच. बागेत चला, बरं वाटत नाही. गाडीतून चक्कर मारू, बरं वाटत नाही. उंबऱ्याबाहेर पाऊल नाही हो! एकदा सहज म्हटलं, अण्णा, जीप सुरू करायची का? तर भिंतीकडचं तोंड इकडे फिरवलं आणि म्हणाले, "दारात उभी कर. मग बघू." मग बघू! त्यांच्या तोंडून इतकं आशेचं वाक्य किती दिवसांनी ऐकलं! मी स्वयंपाकघरात जाऊन रडलो. हिने माझ्यापुढे कांदे सरकवले.

इंजिन झालं, ब्रेक झाले, अडलं कुठे? पाट्यांवर. चाकांच्या वर त्या एकावर एक लोखंडी पट्ट्या असतात ना, कमानीसारख्या, ज्यांच्यावर सगळा डोलारा तोललेला असतो, ते पाटे. आणि माझं म्हणणं एवढंच की अण्णांची पाठ आता नाजूक, पहिल्याच फेरीत धक्का बसला की ते परत खोलीत जाणार आणि या वेळी कडी लावून घेणार. म्हणजे पाटे हवे मऊ. आणि नवे. आणि खरे! हा शेवटचा शब्द महत्त्वाचा.

गेलो दुकानात. दुकानदाराने पुढची जोडी काढली, काउंटरवर ठेवली. "हा ड्रायव्हरच्या बाजूचा, हा दुसऱ्या बाजूचा." मी संशयी नाही, पण डोळे देवाने दिलेत की नाही? मोजल्या पट्ट्या. एकात एक जास्त! म्हटलं, हे काय? म्हणतो, "साहेब, या जीपला तसंच असतं. त्या बाजूला ड्रायव्हर, त्याच्याच सीटखाली पेट्रोलची टाकी, वजन पडतं ना तिकडे..." म्हटलं, आणि दुसऱ्या बाजूला काय पिसं बसतात? तर हसला. हसला आणि म्हणाला, "चहा घेणार?" झालं! माझी खात्रीच पटली. खऱ्या मालावर कोणी चहा पाजतो का हो? दोन तुटक्या जोड्यांतला एक-एक उरलेला पाटा माझ्या गळ्यात मारत होता तो! मी चपला घेताना एक आठची आणि एक नऊची घेतो का?

घरी फोन केला. ही म्हणाली, "अहो, तो रोज तेच विकतो, त्याचं ऐका ना जरा." मी म्हटलं, "तू त्याची बाजू का घेतेस? तुला काय देतो तो?" ...त्यानंतर फोनवर जे झालं ते पाट्यांच्या विषयात बसत नाही, सोडून द्या.

तर मी ती जोडी परत केली आणि दोन एकसारखे घेतले. हलके. अगदी जुळे! दुकानदार म्हणाला, "बदलून मिळणार नाहीत." म्हटलं, नकोच आहेत. मिस्त्रीला दिले. त्याने हा बघितला, तो बघितला, माझ्याकडे बघितलं... "तुम्ही म्हणाल तसं." बसवले. जॅक काढला. जीप हळूच खाली आली, आणि ड्रायव्हरच्या बाजूला जी कलली...! "अहो, वाकडी झाली!" तर कान खाजवत म्हणतो, "तुम्ही म्हणाल तसं."

काय करता? घेतली तशीच. रस्त्यात लोक माना तिरप्या करून बघत होते. मिस्त्री शेजारी दांडा धरून. दारात उभी केली, हॉर्न दिला. मागच्या खोलीची कडेची खिडकी उघडली. अण्णांचं डोकं बाहेर आलं. "वाकडी का आहे?" म्हटलं, "रस्ता उतरता आहे, अण्णा." खट्! खिडकी बंद.

संपलं, म्हटलं. सगळं संपलं. डोळ्यांत पाणीच आलं हो, आणि कांदेही जवळ नाहीत! तेवढ्यात आतून काठीचा आवाज. ठक... ठक... आणि दारात अण्णा! बनियनवर! उंबरा ओलांडला, पायऱ्या उतरले, कोणाचा हात नाही, काही नाही. मागे ही झारा हातात घेऊन, तोंड उघडं. अण्णांनी मडगार्डला धरलं, चक्क उकिडवे बसले आणि खाली वाकून बघितलं. "कुठल्या गाढवाने दोन्ही बाजूंना एकच पाटा घातला?" मी मिस्त्रीकडे बघितलं. आणि त्या माणसाने, त्या "तुम्ही म्हणाल तसं"वाल्याने, सरळ माझ्याकडे बोट केलं!

दुसऱ्या दिवशी अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून, दाढी करून तयार. स्वतः दुकानात गेले. तेव्हापासून रोज गॅरेज! जेवतात दोन घास जास्त, हिच्यावर ओरडतात, पंखा चारवर करतात. मला आनंद आहे हो, खूप आनंद आहे. जीप आता ताठ उभी राहते, अण्णाही.

पण मी संशयी नाही, तरी सांगतो... अण्णा, मिस्त्री आणि तो दुकानदार, तिघं डोकी जुळवून बोलत असतात, आणि मी गेलो की गप्प. का? परवा दाराआड उभा राहिलो. अण्णा म्हणत होते, "यात पोराने काहीतरी कमिशन खाल्लंय. नाहीतर दुकानदार बरोबर जोडी देतोय आणि हा ती परत करून चुकीची आणतो? माझा मुलगा आहे तो! इतका मूर्ख नसणार."

आणि संध्याकाळी मला समोर बसवून विचारलं. "खरं सांग. खाल्लेस ना पैसे?" आता सांगा, मी काय बोलणार? नाही म्हणावं तर मूर्ख. हो म्हणावं तर चोर. अण्णा डोळ्यांत डोळे घालून बघतायत, आणि त्यांच्या चेहऱ्यावर तुम्हाला सांगतो, अशी काही आशा... मी मान खाली घातली. म्हटलं, "हो अण्णा. थोडे खाल्ले."

असा चेहरा खुलला त्यांचा! पाठीवर थाप मारली. "तरीच! मला वाटलंच, माझा मुलगा इतका बावळट निघेल कसा!" ...तेव्हापासून घरात मला मान आहे हो. फक्त काही आणायचं असलं की पैसे मिस्त्रीकडे देतात.