स्वर्गातला महाल

आमचं लग्नानंतरचं पहिलं भांडण स्वर्गावरून झालं! गावच्या नाटकासाठी हे इंद्राच्या स्वर्गाचा पडदा रंगवत होते. सोनेरी महाल अगदी मधोमध.

मी हळूच विचारलं, "इंद्र कुठं उभा राह्यते?"

"मधात."

"मंग महाल कोनाले दिसन?"

हे फुगले. पण महाल पुसून उजवीकडे काढला. वाटा, ढग, हंस, सगळे तिकडेच वळवले, म्हणजे बघणाऱ्याची नजर आपसूक महालावर जावी.

नाटकाच्या दिवशी इंद्र झालेल्या पाटलांनाही महाल इतका आवडला, की ते थेट त्याच्याच पुढे जाऊन उभे राहिले. हलेचनात! ह्यांचा चेहरा पडला, आणि मग हेच खोखो हसत सुटले.

सासूबाई म्हणाल्या, "पुढच्या साली महाल पाटलाच्या पोटावरच काढजो, बाप्पा!"