नव्याचं पाणी

खैरलांजीहून वारासिवनीच्या बाजाराला निघालेल्या बसमध्ये अनुसयेच्या मांडीवर चिन्नोर तांदळाची थैली होती आणि ‘नवा तांदूळ’ असं मोठ्या हौसेनं लिहिलेला पुठ्ठा. आजही थैली तशीच परत आली तर बाजारात बसणं बंद, सगळा माल मिलला, असं घरात ठरलं होतं. मागच्या सीटवर दोन अनोळखी बाया बोलत होत्या.

“त्या पुठ्ठ्यावालीचा चिन्नोर नेलता मी. पुन्हा नाही नेणार बाप्पा!”

“काहून वं? वास नव्हता?”

“वास तं असा, का शेजारीण वाटी घेऊन आली. पण भात? निरी लेई! पोस्टर चिकटवाच्या कामाचा.”

“सासू काय म्हणे?”

“म्हणे, पाहुण्यायसमोर माहं नाक कापलं तुनं.”

“मंग त्या बाईले सांगत काहून नाही?”

“सांगतो ना! आज दिसू तं दे, भर बाजारात सांगतो.”

अनुसयेनं पुठ्ठा पदराखाली ढकलला. उतरेपर्यंत मान वळवायची नाही, असं तिनं ठरवलं. आणि वळवली.

“बाई, पाणी किती टाकलं होतं?”

“आं? एका वाटीले दोन. रोजचंच. काहून?”

“रोजचा तांदूळ जुना असते. नव्याले दीडच लागते. मीच सांगाले चुकली.”

“म्हणजे... तूच का वं ते?”

“हौ. पुठ्ठ्यावर लिहाले पेन आहे का तुमच्यापाशी?”

“आहे. पण अक्षर मोठं काढजो. सासूले आणतो वाचाले.”