आईचं बिल आणि बांधावरचा म्हसोबा

(कोळवणजवळच्या एका केअर सेंटरचा व्हरांडा. चाकाच्या खुर्चीत आई, डोळे मिटून. शेजारी मुलगा इंद्रजित आणि मुलगी रजनी.)

रजनी : निम्मं? निम्मं म्हणतोस तू मला, दादा?

इंद्रजित : हळू बोल, आई झोपलीय. आणि त्यात चूक काय? महिन्याला अठ्ठावीस हजार. चौदा तू, चौदा मी. मुलगा-मुलगी समान, कायदाच आहे तसा.

रजनी : व्हय का? हे सेंटर आपल्या ज्या भातखाचरात उभं हाय, ते खाचर इकलं तवा कुटं गेलता तुझा कायदा? तवा मला पौडला नेऊन हक्कसोडीवर सही घेतलीस. म्हनलास, रजे, तू आता दिल्या घरची.

इंद्रजित : साडी घेतली होती तुला.

रजनी : घेतलीस की. पहिल्या पाण्यात तिचा रंग गेला, दुसऱ्या पाण्यात तुझा.

इंद्रजित : टोमणे नको मारू. माझ्याकडे आहेत का पैसे? सगळे भुकूमच्या फ्लॅटमध्ये गेले. वर ईएमआय. किमयाच्या शाळेची फी. कंपनीत ओव्हरटाइमपण बंद केलाय.

रजनी : मग आईला फ्लॅटवर ने. तिच्याच जमिनीच्या पैशाचा हाय की.

इंद्रजित : चौथा मजला. लिफ्ट निम्मा आठवडा बंद. खुबा मोडलेल्या बाईला पाठुंगळी घेऊन चढू? तू ने ना.

रजनी : माझी सासू अंथरुणावर हाय. एकीला कूस बदलायची, तवर दुसरी हाक मारणार. मला काय चार हात हायेत?

इंद्रजित : तेच सांगतोय मी. म्हणून निम्मं.

आई : झालं का? का चुलत्यांना बी बोलवू?

रजनी : आये, जागी हायेस व्हय?

आई : तुमच्या आवाजानं धरणातलं मासं जागं झालं, मी कुटली झोपतीया?

इंद्रजित : आई, तू टेन्शन घेऊ नको. आम्ही बघतो काय करायचं ते.

आई : कशाला बघताय? मी मिटवलं कवाच.

इंद्रजित : काय मिटवलं?

आई : बिल. हितला डाक्टर आता आपल्याकडनं पैसं घेणार न्हाई.

इंद्रजित : का? त्याला काय पुण्य कमवायचंय?

आई : त्यानं गाड्या लावायला जागा केली, तवा बांधावरचा म्हसोबा उचलून विटांच्या ढिगामागं टाकला. तवापास्नं त्याची पाण्याची मोटार जळतीया. नवी बसवली, ती बी जळली. मग आला माझ्याकडं. आजी, ही जमीन तुमचीच होती ना? म्हनलं, जमीन इकली लेकानं, म्हसोबा न्हाई इकला. त्याचा अमुशेचा नारळ आमच्याच घरच्या हातनं फुटायचा.

इंद्रजित : आणि पटलं त्याला? एमडी आहे तो!

आई : तेवढ्यानं कुटं पटतंय? मग सांगितलं, एका साली नारळ चुकला, तर सगळं भात उलटं उगवलं. मुळ्या वर, लोंब्या मातीत. आमचं मालक इळा घरी ठेवून कुदळ घेऊन कापणीला गेलतं.

रजनी : आये, किती खोटं बोलशील!

आई : खोटं कशाला? त्याच साली बेडकं एवढी माजली, बांधावर बसली की एसटीवाला प्यासिंजर समजून गाडी थांबवायचा. डाक्टर म्हनला, आजी, तुमी हितंच ऱ्हावा, म्हसोबाचं तेवढं बघा. बिलाचं सोडा.

इंद्रजित : थांब थांब. सकाळी मेसेज आला होता यांचा. मी उघडलाच नाही, म्हटलं पैसेच मागत असतील. हे बघ... "आजींची फी या महिन्यापासून माफ." आयला!

रजनी : माफ? सगळी?

इंद्रजित : सगळी. वाच तू.

रजनी : अगं बाई. मी तर म्हस इकायचं मनात धरलं होतं. उगाच भांडलो, दादा.

इंद्रजित : जाऊ दे गं. साडीचंपण मनावर घेऊ नको. दिवाळीला चांगली घेऊ.

आई : मग आता पुढच्या महिन्यात कवा येताय?

इंद्रजित : पुढच्या महिन्यात... आता बिलाचं कामच नाही ना, आई. आणि पिरंगुटला काय ट्रॅफिक असतं शनिवारी! काही लागलं तर फोन कर. व्हिडिओ कॉल करत जाऊ.

रजनी : मला बी दोन एसट्या बदलाव्या लागत्यात, आये. भातलावणी झाली की येतेच.

आई : अजून नांगर न्हाई फिरला, रजे.

रजनी : झाली की येते म्हनलं ना.

इंद्रजित : चल रजनी, पौडच्या स्टँडवर सोडतो तुला.

आई : थांबा जरा. तो डाक्टर निम्मंच सोडणार म्हनतोय.

इंद्रजित : आई, मेसेजमध्ये स्पष्ट लिहिलंय...

आई : मेसेज सकाळचा. दुपारी फिरला तो. निम्मं तुमालाच भरायचंय, आन कुणी किती ते ठरलं न्हाई अजून.

रजनी : आये...

आई : बसा खाली दोघं. भांडा निवांत. मी चहा सांगते.